बंदुकीच्या कायद्यांनी हिंसक मृत्यू कमी होतात का? आधी विचारावे, कोणता कायदा आणि कोणता मृत्यू

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कडक कायदे असलेल्या काही शहरांत खून जास्त होतात, सैल कायदे असलेल्या काही प्रदेशांत कमी होतात, आणि गुन्हेगार तर कायदा पाळतच नाही, मग बंदुकीवरील निर्बंध आणि हिंसक मृत्यू यांचा काही संबंध आहे, की ही केवळ राजकीय श्रद्धा आहे? हिंसक मृत्यूंच्या साथरोगशास्त्रात, म्हणजे असे मृत्यू कोणाचे, कुठे आणि कशामुळे होतात याच्या आकडेवारीच्या अभ्यासात, मी दीर्घकाळ काम करत आहे आणि या विषयावरील अभ्यास वाचणे, त्यांतली आकडेमोड तपासणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. संबंध आहे, परंतु तो सर्व कायद्यांचा सर्व मृत्यूंशी नाही. काही विशिष्ट निर्बंधांचा काही विशिष्ट मृत्यूंवर परिणाम होतो, याचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. काही निर्बंधांचा परिणाम दिसत नाही. आणि सर्वांत जास्त गाजणाऱ्या निर्बंधांबाबत आकडेवारी निर्णायक काही सांगू शकत नाही.

सुरुवात मोजणीपासून करावी लागते, कारण बहुतेक वाद तिथेच घसरतो. हा वाद जिथे सर्वाधिक तीव्र आहे त्या अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ खून. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये मारणारा आणि मरणारा एकच होता, आणि हे प्रमाण एका वर्षापुरते नाही. कित्येक दशके तिथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या खुनांपेक्षा अधिकच राहिल्या आहेत. ‘गुन्हेगार कायदा पाळत नाहीत’ हा युक्तिवाद या मोठ्या गटाला लागूच पडत नाही, कारण आत्महत्या करणाऱ्याच्या हातातली बंदूक सहसा त्याच्याच घरातली आणि कायदेशीर असते. सामूहिक गोळीबाराच्या घटना, ज्यांवर सारी चर्चा केंद्रित होते, त्या या एकूण संख्येचा अगदी लहानसा भाग आहेत. दुःखाचे मोल अर्थात संख्येने ठरत नाही, पण कायद्याचा परिणाम मोजायचा असेल तर संख्या कुठे आहे ते पाहावेच लागते.

दुसरी घसरण होते ती दोन देशांची किंवा दोन शहरांची तुलना करताना. जपानमध्ये नागरिकांकडे बंदुका जवळपास नाहीत आणि बंदुकीने होणारे मृत्यू अत्यल्प आहेत, तरीही तिथला आत्महत्येचा दर दीर्घकाळ बराच वरचा राहिला आहे. यावरून ‘बंदुकांचा आणि आत्महत्येचा संबंध नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला दरवर्षी भेटतात. आत्महत्येच्या दरामागे वय, मद्यपान, बेकारी, एकाकीपणा, मानसिक आजारावरील उपचारांची उपलब्धता अशी अनेक कारणे असतात आणि ती देशागणिक बदलतात. त्यामुळे एका देशाशेजारी दुसरा देश ठेवून पाहिले तर बंदुकीचा वाटा त्या गर्दीत हरवतो. उलट बाजूचे लोक अमेरिका आणि ब्रिटन शेजारी ठेवून सारा फरक कायद्याच्या खात्यावर जमा करतात, तेही तितकेच अयोग्य आहे. शिवाय कायदा आणि हिंसा यांच्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हेही उलटे असू शकते: हिंसा वाढली म्हणून कायदा कडक झाला, आणि मग कडक कायद्याच्या ठिकाणी हिंसा जास्त दिसू लागली. कडक कायदे असूनही खून जास्त, याचे उदाहरण म्हणून इलिनॉय राज्यातील शिकागो शहराचे नाव वारंवार घेतले जाते. परंतु तिथे पोलिसांनी जप्त केलेल्या बंदुकांपैकी बहुसंख्य बंदुका राज्याबाहेर विकल्या गेलेल्या आढळल्या आणि त्यांत शेजारच्या इंडियाना राज्याचा वाटा मोठा होता. शहराचा कायदा शहराच्या हद्दीत संपतो, बंदूक मात्र मोटारीच्या डिकीतून हद्द ओलांडते.

म्हणून गंभीर अभ्यासक देशांची तुलना मागे ठेवतात आणि दोन गोष्टी शोधतात. पहिली, कायदा ज्या मार्गाने मृत्यू कमी करील असे आपण म्हणतो तो मार्ग खरोखर अस्तित्वात आहे का? दुसरी, एखाद्या ठिकाणी कायदा बदलला तेव्हा, बाकी सारे जवळपास तेच असताना, मृत्यू बदलले का?

मार्गाविषयीचा पुरावा मला सर्वांत पटणारा वाटतो. फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६८ साली शिकागो पोलिसांच्या नोंदींवरून दाखवले की बंदुकीने झालेल्या हल्ल्यांत मृत्यू होण्याचे प्रमाण चाकूच्या हल्ल्यांच्या पाचपटीहून अधिक होते. त्यावर स्वाभाविक आक्षेप असा की ज्याला ठार मारायचेच आहे तो बंदूक निवडतो, म्हणजे फरक हेतूचा आहे, हत्याराचा नाही. या आक्षेपाला अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी २०१८ साली बोस्टनच्या गोळीबारांचा अभ्यास करून वेगळ्या वाटेने उत्तर दिले. त्यांनी बंदुकीची बंदुकीशीच तुलना केली: लहान कॅलिबरची (म्हणजे कमी व्यासाची) गोळी आणि मोठ्या कॅलिबरची गोळी. जखमांची संख्या आणि जखमांच्या जागा यांत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, म्हणजे मारणाऱ्याचा निश्चय किंवा नेमबाजी सारखीच होती. तरीही मोठ्या कॅलिबरने मरणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. सर्व गोळीबार लहान कॅलिबरने झाले असते तर त्या शहरातील बंदुकीचे खून सुमारे ३९.५ टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्यांचा अंदाज आहे. रस्त्यावरचे बहुतेक खून हे भांडणातून, मद्याच्या अमलाखाली किंवा क्षणिक संतापातून होतात. त्यांत मरणे आणि वाचणे यांतले अंतर हातात काय होते यावर पुष्कळ अवलंबून असते.

आत्महत्येबाबत हा मार्ग अधिकच ठळक आहे. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के प्रयत्नांत मृत्यू होतो. औषधांच्या अतिसेवनाने केलेल्या प्रयत्नांत हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी असते. ‘ज्याला मरायचे आहे तो दुसरा मार्ग शोधेलच’ हे वाक्य इतके सहज बोलले जाते की त्याला पुरावा लागतो हेच विसरले जाते. प्रयत्नातून वाचलेल्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत जवळपास दहांपैकी नऊ जण नंतर आत्महत्येने मेलेले नाहीत असे दिसते. आत्महत्येचा आवेग बहुधा चढतो आणि ओसरतो. तो शिखरावर असताना जवळ काय आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

याचे सर्वांत जुने उदाहरण बंदुकीचे नाहीच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ साली ५,७१४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्वयंपाकघरातील गॅसने झाल्या होत्या, कारण त्या काळी दगडी कोळशापासून बनणाऱ्या गॅसमध्ये विषारी कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे. पुढे निव्वळ आर्थिक आणि तांत्रिक कारणांसाठी हा गॅस बदलून नैसर्गिक वायू आणला गेला; आत्महत्या थांबवणे हा कोणाचाही हेतू नव्हता. १९७५ पर्यंत एकूण आत्महत्या ३,६९३ वर आल्या. गॅसची वाट बंद झाल्यावर काही लोकांनी दुसरी वाट धरली असेलही, पण बहुसंख्यांनी धरली नाही.

बंदुकीबाबतचे दोन अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी प्रथम वाचायला देतो. इस्राएलच्या सैन्याने २००६ साली नियम बदलला आणि सैनिकांनी आठवड्याअखेरच्या सुटीला घरी जाताना रायफल तळावर ठेवून जावी असे ठरवले. सैनिकांमधील आत्महत्यांचा दर त्यानंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. यातली खरी गंमत पुढे आहे: घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतील बंदुकीच्या आत्महत्यांमध्ये होती, आठवड्याच्या इतर दिवसांत लक्षणीय बदल नव्हता. केवळ मनोबल सुधारले असते किंवा समुपदेशनाचा परिणाम असता तर घट सर्व दिवसांत दिसली असती. दुसरा अभ्यास स्वित्झर्लंडचा. तिथे सैनिक आपले शस्त्र घरी ठेवत. २००३ सालच्या लष्करी सुधारणेत सैन्याची संख्या निम्म्यावर आली आणि सेवामुक्तीचे वय ४३ वरून ३३ वर आले, त्यामुळे घराघरांतली शस्त्रे एकाएकी कमी झाली. १८ ते ४३ वयाच्या पुरुषांमधील आत्महत्या घटल्या. त्याच वयाच्या स्त्रियांमध्ये आणि ४४ ते ५३ वयाच्या पुरुषांमध्ये, ज्यांच्यावर या सुधारणेचा परिणाम होण्याचे कारण नव्हते, तशी घट दिसली नाही. ज्यांना बंदूक मिळाली नाही त्यांपैकी अंदाजे २२ टक्के लोकांनी दुसऱ्या मार्गाने आत्महत्या केली. म्हणजे साधनबदल होतो, पण तो पूर्ण होत नाही. आणि या न झालेल्या भागातच वाचलेले जीव असतात.

आता कायद्याकडे. अमेरिकेतील मिझुरी राज्यात पिस्तूल विकत घेण्यासाठी स्थानिक शेरीफकडून (जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाकडून) परवाना घ्यावा लागत असे. हा नियम १९२१ पासून होता आणि २००७ साली रद्द झाला. त्यानंतर त्या राज्यात बंदुकीने होणाऱ्या खुनांचा दर साधारण चतुर्थांशाने वाढल्याचे डॅनियल वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. बंदुकीव्यतिरिक्त इतर साधनांनी होणारे खून वाढले नाहीत, शेजारच्या राज्यांत तशी वाढ दिसली नाही, आणि विक्रीनंतर थोड्याच काळात गुन्ह्यात सापडणाऱ्या बंदुकांचे प्रमाण वाढले. कनेटिकटमध्ये नेमके उलट घडले: तिथे १९९५ साली परवाना आवश्यक झाला आणि पुढील दहा वर्षांत बंदुकीचे खून, कायदा नसता तर जितके झाले असते त्याच्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी झाले असा पहिला अंदाज निघाला, अधिक काळ धरून केलेल्या नंतरच्या अभ्यासात हा आकडा २८ टक्क्यांवर आला. ‘कायदा नसता तर’ हा तुलनेचा आधार इतर राज्यांच्या आकड्यांवरून बांधलेला काल्पनिक कनेटिकट असतो, हे वाचकाने लक्षात ठेवावे. म्हणूनच ४० आणि २८ यांतल्या कोणत्याही आकड्याला मी चिकटून राहणार नाही. दोन राज्यांत दोन उलट बदलांनी दोन उलट परिणाम झाले, यावर मात्र मी भर देईन.

याउलट १९९४ साली अमेरिकेत संपूर्ण देशासाठी लागू झालेल्या ब्रेडी कायद्याचे काय झाले ते पाहा. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणे त्याने बंधनकारक केले. जेन्स लुडविग आणि फिलिप कुक यांनी ज्या राज्यांत हा नियम नव्याने आला आणि ज्या राज्यांत तो आधीपासून होता, अशा दोन गटांची तुलना केली. खुनांच्या दरात फरक आढळला नाही. ५५ वर्षांवरील लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या मात्र कमी झालेल्या दिसल्या, आणि त्याही मुख्यतः जिथे खरेदीपूर्वी प्रतीक्षेचा काळ नव्याने लागू झाला तिथे. दोन कायद्यांतला फरक समजण्यासारखा आहे. दुकानातली तपासणी खाजगी विक्रीला लागू होत नव्हती, त्यामुळे ज्याला नकार मिळेल त्याच्यासाठी शेजारची वाट उघडीच होती. परवाना पद्धतीत प्रत्येक खरेदीदाराला प्रत्यक्ष जाऊन अर्ज करावा लागतो, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने बंदूक घेणाऱ्यांना आणि आवेगात आलेल्यांनाही अडसर होतो.

गुन्हेगार कायदा पाळत नाहीत, या आपल्या मुद्द्याचे उत्तर इथेच आहे, आणि तो मुद्दा अर्धा खरा आहे. गुन्हेगार अर्ज करीत नाही. पण त्याच्या हातातली कारखान्यात बनलेली बंदूक जवळजवळ नेहमी कोणीतरी कधीतरी कायदेशीरपणे विकत घेतलेली असते. कायदा गुन्हेगाराला अडवत नसला तरी कायदेशीर बाजारातून बेकायदा बाजारात होणारी गळती कमी करू शकतो आणि तिथली किंमत व जोखीम वाढवू शकतो. मेक्सिकोने याचा अनुभव घेतला. अमेरिकेची लष्करी धाटणीच्या रायफलींवरील बंदी २००४ साली संपली, परंतु कॅलिफोर्नियात राज्याची स्वतःची बंदी कायम होती. त्यानंतर टेक्सस, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेजवळच्या मेक्सिकन पालिकांमध्ये खून वाढले. कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ तशी वाढ झाली नाही. जिथे बंदुका गावठी कारखान्यांत घडवल्या जातात तिथे मात्र परवान्याच्या नियमांचा उपयोग मर्यादित राहतो, हेही मान्य केले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाबद्दल आपण विचारले नाही, पण चर्चा तिथे जातेच. २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने राज्यांना एकत्र आणून अर्धस्वयंचलित रायफली आणि पंप-ॲक्शन शॉटगन यांवर बंदी घातली, प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि खरेदीसाठी सबळ कारण व २८ दिवसांची प्रतीक्षा आवश्यक केली, आणि वैद्यकीय करात एक वर्षापुरती ०.२ टक्क्यांची वाढ करून त्या पैशातून सुमारे साडेसहा लाख बंदुका परत विकत घेतल्या. बंदुकीचे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. तथापि ते आधीपासूनच घटत होते, आणि १९९६ नंतर बंदुकीविना होणाऱ्या आत्महत्या आणि खूनही कमी झाले. कायद्याचे खंदे समर्थक असलेल्या सायमन चॅपमन यांनी स्वतःच २०१६ च्या लेखात या कारणास्तव सारी घट कायद्याच्या खात्यावर टाकता येत नाही असे नमूद केले. अँड्र्यू ली आणि क्रिस्टीन नील यांनी मात्र असे दाखवले की ज्या राज्यांत लोकसंख्येच्या मानाने अधिक बंदुका परत घेतल्या गेल्या तिथे बंदुकीच्या आत्महत्या अधिक घटल्या, आणि हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ची रेघ काढून जिंकलेला वाद कोणत्याच बाजूने जिंकलेला नसतो.

ब्रिटनचे आकडे तर अधिक फसवे आहेत. स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत मार्च १९९६ मध्ये १६ मुले आणि एक शिक्षिका मारली गेल्यावर १९९७ साली पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली आणि सुमारे १,६२,००० पिस्तुले जमा झाली. बंदीनंतर इंग्लंड-वेल्समधील खून वाढले, असा एक आलेख समाजमाध्यमांवर फिरत असतो आणि त्याचे शिखर २००२-०३ सालचे असते. तिथे खुनांची नोंद तो घडला त्या वर्षी नव्हे तर पोलिसांकडे नोंदला गेला त्या वर्षी होते; आणि त्या वर्षीच्या आकड्यात डॉ. हॅरल्ड शिपमन याने पूर्वीच्या अनेक वर्षांत इंजेक्शन देऊन मारलेल्या १७२ रुग्णांचा समावेश आहे. त्यांतला एकही मृत्यू पिस्तुलाने झाला नव्हता. हे वगळले तरी त्या काळात काही वाढ होती हे खरे, पण इंग्लंडमध्ये बंदुकीचे खून मुळातच इतके थोडे असतात की त्यांच्यावरील बंदीचा परिणाम एकूण खुनांच्या रेषेत शोधणे व्यर्थ आहे.

शस्त्र जवळ असण्यापेक्षा ते घेऊन फिरण्याबाबतचे नियम खुनांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरतात असे माझे मत आहे. कोलंबियातील काली शहराने १९९३-९४ मध्ये आणि बोगोटाने १९९५ ते ९७ या काळात पगारानंतरचे शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि निवडणुकीचे दिवस अशा ठराविक दिवशी शस्त्र बाळगून फिरण्यास मनाई केली आणि रस्त्यांवर तपासणी नाके उभारले. बंदीच्या दिवसांत खुनांचे प्रमाण कालीत सुमारे १४ आणि बोगोटात १३ टक्क्यांनी कमी होते. शहर तेच, माणसे तीच, काही दिवस बंदी आणि काही दिवस मोकळीक. याहून स्वच्छ तुलना या विषयात क्वचितच मिळते. उलट दिशेने, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २००५ साली स्वसंरक्षणाचा हक्क रुंदावला आणि मागे हटणे शक्य असतानाही सार्वजनिक जागी प्राणघातक बळ वापरण्यास मुभा दिली. त्यानंतर तिथे बंदुकीने होणारे मनुष्यवध सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, तुलनेसाठी घेतलेल्या चार राज्यांत तशी वाढ झाली नाही. नागरिकांकडे शस्त्र असले की गुन्हेगार बिचकतो, हा १९९७ च्या जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांच्या अभ्यासाने गाजवलेला दावा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली तपासला आणि उपलब्ध पुराव्याने तो सिद्ध होत नाही असा निर्वाळा दिला. जॉन डोनोह्यू यांच्या २०१९ च्या विश्लेषणात शस्त्र घेऊन फिरण्याची सरसकट मुभा दिलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त आढळले.

सामूहिक गोळीबार आणि विशिष्ट धाटणीच्या रायफलींवरील बंदी यांविषयी मी आपल्याला ठाम उत्तर देणार नाही. घटना इतक्या विरळ असतात, आणि त्यांची व्याख्या बदलली की संख्या इतकी बदलते, की दोन्ही बाजूंना हवा तो आलेख मिळतो. पुरावा विरळ असण्याला एक राजकीय कारणही आहे: अमेरिकन काँग्रेसने १९९६ साली घातलेल्या एका अटीमुळे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने बंदुकीवरील संशोधनास पैसा देणे जवळपास थांबवले, आणि २०२० च्या अर्थसंकल्पापर्यंत ही परिस्थिती फारशी बदलली नाही.

एखादा नवा अभ्यास आपल्यासमोर आला तर प्रथम पाहावे की त्यात केवळ बंदुकीचे मृत्यू मोजले आहेत की एकूण खून आणि एकूण आत्महत्याही. बंदुकीचे मृत्यू घटले आणि इतर साधनांचे तितकेच वाढले तर काहीच साधले नाही. त्यानंतर, ज्या मृत्यूंवर कायद्याचा परिणाम होऊच नये, तेही बदललेले दिसतात का हे पाहावे. तसे असेल तर बदलामागे काही वेगळेच कारण आहे.

कमी गाजलेल्या पण उपयोगी ठरलेल्या दोन नियमांचा उल्लेख करून थांबतो. मुलांच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणाऱ्या प्रौढाला जबाबदार धरणारा कायदा प्रथम फ्लोरिडात १९८९ साली आला. असे कायदे असलेल्या राज्यांत १४ ते १७ वयाच्या मुलांच्या आत्महत्या सुमारे आठ टक्क्यांनी कमी आढळल्या. बंदुकांची संख्या कमी न करता, केवळ कुलपाने झालेला हा परिणाम आहे. दुसरा नियम कनेटिकटचा, १९९९ चा: स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या व्यक्तीकडील बंदुका न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेण्याची तरतूद. अशा ७६२ प्रकरणांचा अभ्यास झाला आहे. एकेकाकडून सरासरी सात बंदुका काढल्या गेल्या आणि साधारण दर दहा ते वीस प्रकरणांमागे एक आत्महत्या टळली असा अंदाज आहे. एक जीव वाचावा म्हणून, ज्यांनी कदाचित काहीच केले नसते अशा नऊ ते एकोणीस जणांची शस्त्रे तात्पुरती काढून घेणे योग्य की अयोग्य, हे साथरोगशास्त्र ठरवू शकत नाही. ते विधिमंडळाने आणि न्यायालयाने ठरवायचे आहे, मात्र ठरवताना हा आकडा त्यांच्यासमोर असला पाहिजे.